‘ब्राउनचं घर’ म्हणजे नेमकं काय? फेनची कविता, नऊ खुणा आणि माझी चार वर्षं

पाऊलखूण

२०२० च्या जूनमध्ये फॉरेस्ट फेनने जाहीर केलं की पेटी सापडली. तेव्हा वाईट वाटलं, पण मनात एक आशा होती. निदान माझी जागा तरी बरोबर निघेल! जुलैत त्याने एवढंच पुढे सांगितलं की पेटी वायोमिंग राज्यात होती. ते वाचलं आणि होते तिथेच मटकन बसले. माझ्या सहा फेऱ्या, दोन वह्या, नकाशावरच्या जवळजवळ सगळ्या रेघा मोंटानात होत्या.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेन हा अमेरिकन हवाई दलातला वैमानिक. व्हिएतनाममध्ये त्याने ३२८ मोहिमा केल्या, नंतर सांता फेला कलादालन काढलं. १९८८ मध्ये त्याला मूत्रपिंडाचा कर्करोग झाला. वाचणार नाही असं वाटल्यावर त्याने ठरवलं की सोनंनाणं भरलेली एक पेटी घेऊन आवडत्या जागी जायचं आणि तिच्याशेजारीच शेवटचा श्वास घ्यायचा. तो बरा झाला. पण पेटीची कल्पना डोक्यातून गेली नाही. ऐंशीच्या घरात असताना त्याने ती रॉकी पर्वतात ठेवली आणि २०१० मध्ये आत्मचरित्र छापलं. त्यात चोवीस ओळींची एक कविता होती आणि कवितेत नऊ खुणा.

खुणा माझ्या शब्दांत अशा: कोमट पाणी जिथे थांबतं तिथून सुरुवात करा. तिथून दरीत खाली उतरा, अंतर फार नाही पण पायी जाण्याजोगंही नाही. ब्राउनच्या घराखाली आत शिरा. पुढची जागा भित्र्यांची नाही. मग वल्ही चालणार नाहीत अशी वाट येईल, जड ओझी आणि वरचं पाणी लागेल. आणि शहाणपणाने ‘ब्लेझ’ शोधला असेल तर झटकन खाली बघा, शोध संपला.

आम्ही डेन्व्हरला राहतो. नवऱ्याला यात रस नव्हता, मावसदिराला भरपूर होता. आमचा तर्क असा. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर टोकाला, वायोमिंग-मोंटानाच्या हद्दीला चिकटून बॉयलिंग रिव्हर आहे. तिथे गरम झऱ्याचं पाणी गार्डनर नदीच्या गार पाण्यात मिसळतं. कोमट पाणी संपलं! तिथून दरीने खाली गार्डिनर गाव, आणि पुढे गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर यँकी जिम कॅन्यन. त्या कॅन्यनच्या वरच्या अंगाला नदीत होडी सोडायची एक जागा आहे, तिचं नाव जो ब्राउन. इंग्रजीत होडी पाण्यात सोडण्याला ‘पुट इन’ म्हणतात आणि कवितेत नेमके तेच दोन शब्द आहेत. हे जुळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या फेरीत मे महिन्याच्या अखेरीस तिथे पोचलो. बर्फ वितळण्याचे दिवस. नदी गढूळ, काठ सोडून वर आलेली, आवाज एवढा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. पलीकडच्या कड्यावर मावसदिराला एक पांढरा पट्टा दिसला. ब्लेझ! नीट बघायला तो ओल्या दगडांवरून खाली उतरायला लागला आणि तिसऱ्या पावलाला घसरला. हाताला एक झुडूप लागलं म्हणून थांबला. मी वरून त्याला हाका मारत होते आणि पाण्याच्या आवाजात त्याला त्या ऐकू जात नव्हत्या.

तो वर आल्यावर आम्ही बराच वेळ गाडीत नुसते बसून होतो. मग मला आठवलं की फेनने स्वतः सांगितलंय, एका दुपारी गाडीपासून दोन खेपा करून त्याने हे सगळं ठेवलं. एकदा पेटी, एकदा ऐवज. ऐंशी वर्षांचा माणूस. आम्ही जिथे धडधाकट असून मरता मरता वाचलो, तिथे तो दोनदा ओझं घेऊन उतरला असेल? हे मला घरी बसून सुचायला हवं होतं.

तरीही पुढच्या चार फेऱ्या मी केल्याच, काठापासून लांब राहून. तर्क इतका सुंदर बसला होता की सोडवेना.

खरी गोष्ट कळली ती आईमुळे. ती फोनवर म्हणाली, ती कविता मला मराठीत सांग बघू. मी सांगायला लागले आणि तिसऱ्याच खुणेला अडले. इंग्रजीत ब्राउनचा ‘बी’ मोठा लिहिलाय. देवनागरीत मोठं अक्षर कुठून आणणार? आईने लगेच विचारलं, “ब्राउन म्हणजे माणूस की रंग?” चार वर्षांत मी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता, कारण मोठं अक्षर बघून माणूसच, असं मी पहिल्या दिवशी ठरवून टाकलं होतं.

ब्लेझचंही तेच. मराठीत सांगायचं तर एक शब्द निवडावा लागतो: ज्वाळा, घोड्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा, की वाट दाखवण्यासाठी झाडाच्या सालीवर मारलेली खाच? इंग्रजी वाचताना तिन्ही अर्थ एकदम मनात तरंगत राहतात आणि डोंगरात गेल्यावर जे दिसेल त्याला आपण तो शब्द चिकटवतो. मी पांढऱ्या दगडाला चिकटवला.

आणि ‘कोमट पाणी थांबतं’ हे सांगितल्यावर आई म्हणाली, “पाणी कधी थांबत नाही गं. नदीचं नाव थांबतं.”

मी नकाशा काढला. यलोस्टोनमध्ये फायरहोल नदी गायझरांच्या, म्हणजे गरम पाण्याच्या कारंज्यांच्या पाण्याने कोमट होऊन येते, मॅडिसन जंक्शनला गिबन नदीला मिळते, आणि तिथे दोन्ही नावं संपतात. पुढे वाहते ती मॅडिसन. मॅडिसन दरीतून खाली जाते. जंक्शन वायोमिंगमध्ये आहे.

तोवर पेटी सापडून गेली होती. पण म्हणूनच हा धागा काढलाय. माझं म्हणणं असं की ही कविता इंग्रजीत कितीही वेळा वाचली तरी तिच्या फटी दिसत नाहीत. दुसऱ्या भाषेत न्यायला लागलं की प्रत्येक फट दिसते, कारण तिथे निवड करावीच लागते. तुमच्यापैकी कुणी असं काही शोधलंय का? आणि ब्राउनला तुम्ही काय म्हणाल?

डोंगरवाट

वाचताना हातात घाम आला. मावसदीर बरे आहेत ना? एक साधा प्रश्न: पेटी खरोखर होती याला पुरावा काय? एवढी वर्षं लोक म्हणत होते की म्हाताऱ्याने पुस्तक खपवायला सगळं रचलंय.

पाऊलखूण

तो उत्तम आहे. अजूनही माझ्यापेक्षा जास्त नकाशे बघतो.

पेटी होती. जुनी, ब्राँझची, दहा इंच लांब, दहा रुंद, पाच उंच. ऐवजासकट वजन बेचाळीस पौंड, म्हणजे एकोणीस किलो. सोन्याची नाणी, कोंबडीच्या अंड्याहून मोठे सोन्याचे गोळे, कोलंबसपूर्व काळातल्या सोन्याच्या मूर्ती, रत्नं, आणि पिरोज्याचं एक कडं, जे त्याला स्वतःला इतकं प्रिय होतं की सापडलं तर परत विकत घेईन असं तो म्हणायचा. सापडल्यावर फेनने पेटी उघडून बघतानाचे फोटो प्रसिद्ध झाले. २०२२ च्या डिसेंबरात ऐवजाचा लिलाव झाला, मिळून सुमारे तेरा लाख डॉलर आले. त्यात मेणाने बंद केलेली एक काचेची बरणी होती. आत फेनने बारीक अक्षरात छापून ठेवलेलं स्वतःचं चरित्र. ती बरणी अठ्ठेचाळीस हजार डॉलरला गेली. मला त्या सगळ्या ऐवजातली तीच वस्तू हवी होती.

नदीकाठ

मला हे सगळं वाचून राग येतो आणि तो लपवणार नाही. या शोधात पाच माणसं मेली. पहिला २०१६ च्या जानेवारीत रिओ ग्रांदे नदीवर गेला आणि परतला नाही, सांगाडा सहा महिन्यांनी मिळाला. २०१७ मध्ये आणखी तिघं. २०२० च्या मार्चमध्ये, म्हणजे पेटी सापडायच्या तीन महिने आधी, पाचवा थंडीने गेला. न्यू मेक्सिकोच्या पोलीसप्रमुखाने फेनला जाहीर विनंती केली होती की हे थांबवा. त्याने थांबवलं नाही. ज्याच्या हातात एका वाक्यात सगळं संपवणं होतं, त्याने ते वाक्य उच्चारलं नाही. तुम्ही त्याच्याबद्दल फार मायेने लिहिलंय.

पाऊलखूण

नदीकाठ, तुमचा राग मला पटतो. ज्या दिवशी दीर घसरला त्या दिवशी मीही फेनवर चिडले होते. आणि स्वतःवर.

त्याच्या बाजूने एवढंच सांगते की २०१७ मध्ये त्याने स्पष्ट लिहिलं: पेटी पाण्याखाली नाही, रिओ ग्रांदेजवळ नाही, मोठे दगड हलवावे लागत नाहीत, कडा चढावा किंवा उतरावा लागत नाही. ऐंशी वर्षांचा माणूस जाणार नाही तिथे जाऊ नका, हे तर तो आधीपासून सांगत होता. पण पहिला बळी गेल्यावर लगेच हे एवढं नेमकं यायला हवं होतं. दीड वर्ष उशीर झाला. त्या दीड वर्षात जे गेले त्यांच्या घरच्यांना मी काय सांगणार? माझी माया त्याच्या लहानपणीच्या यलोस्टोनवर आहे, त्याच्या या उशिरावर नाही.

नदीकाठ

हे लिहिलंत, बरं केलंत.

अक्षरवेडी

मी डोंगरात जाणारी नाही, पण कवितेत लपवलेल्या गोष्टी हा माझा जुना नाद आहे, म्हणून लांबण लावते.

आपल्याकडे पद्यात आकडे लपवायची पक्की रीत आहे. भूतसंख्या. चंद्र म्हणजे १, नेत्र २, अग्नी ३, वेद ४, बाण ५. शिलालेखात किंवा पोथीच्या शेवटी सन असाच दिलेला सापडतो. आणि आकडे उलटीकडून वाचायचे, ‘अंकानां वामतो गतिः’. म्हणजे ‘नेत्र-बाण-चंद्र’ असं आलं तर १५२. बाहेरच्या माणसाला हे कोडं वाटेल, पण त्या काळच्या वाचकाला ती किल्ली आधीच ठाऊक होती. कूट अभंगांचंही तसंच. देह, इंद्रियं, गुण यांची परिभाषा ज्याला येते त्याला ते उलगडतात, नाहीतर नुसते अचाट वाटतात.

म्हणजे पद्यातलं कोडं सुटतं ते किल्ली सामाईक असली तर. फेनच्या कवितेची किल्ली कुणाकडे होती? लोकांनी ती बायबलमध्ये शोधली, अक्षरं मोजून शोधली, असं मी वाचलंय.

पाऊलखूण

अक्षरवेडी, हाच तो मुद्दा आहे ज्याच्याभोवती मी घिरट्या घालत होते!

अक्षरं मोजणाऱ्यांना फेनने स्वतः उत्तर दिलं होतं. सांकेतिक लिपी, लॅटिन, बायबलची वचनं, आलेख, सूत्रं यांतलं काही येत नसेल तरी अडणार नाही. त्याचं पुस्तक आणि चांगला नकाशा पुरे. म्हणजे किल्ली त्याच्या आयुष्यात होती. वडील टेक्ससमध्ये शिक्षक. दर उन्हाळ्यात सगळं कुटुंब यलोस्टोनला. पोरवयात तो तिथे मासेमारीचा वाटाड्या होता. ज्या पाण्यात तो वाढला त्या पाण्याबद्दल तो शब्द वापरतोय.

ज्याला पेटी सापडली तो वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी. त्याने जे लिहिलंय ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. फेनला कुठे मरायचं होतं हे त्याने आधी शोधलं. २०१८ मध्ये त्याला ती जागा उमगली आणि मग तेवढ्याच भागात दोन वर्षांत मिळून पंचवीस दिवस तो पेटी शोधत होता. आम्ही सगळे ओळीवरून जागेकडे जात होतो. तो माणसावरून जागेकडे गेला आणि कविता शेवटी पडताळ्यासाठी वापरली.

शंकेखोर

थांबा. हे सगळं मागाहून सोपं वाटतं. जागा त्याने जाहीर केलेली नाही. मग मॅडिसन जंक्शन बरोबर आणि बॉयलिंग रिव्हर चूक हे कशावरून? तुमचा जुना तर्कही तितकाच सुंदर होता. ताई, मला भीती वाटते की तुम्ही एका सुंदर तर्कावरून दुसऱ्या सुंदर तर्कावर उडी मारलीत.

पाऊलखूण

बरोबर आहे तुमचं. मॅडिसनकडे अनेकांचं बोट जातं, मीही त्यांतलीच एक, पण ती जागा आहे असं मी म्हणणार नाही.

जुना तर्क मात्र चूक होता हे नक्की. आणि तो चूक आहे हे मला आधीच कळू शकलं असतं, याचं दुःख जास्त आहे. पेटी पाच हजार फुटांच्या वर आणि दहा हजार दोनशेच्या खाली आहे, एवढं फेनने सांगितलं होतं. यँकी जिमला नदी पाच हजार फुटांच्या आसपास वाहते. पाण्यालगत काही ठेवलं तर ते हद्दीवरच येतं. मी काय केलं? ‘आपण थोडं वर शोधू’ म्हटलं. खूण बसत नव्हती तर जागा हलवायची, जागा बसत नव्हती तर अर्थ हलवायचा. नऊ खुणा आणि प्रत्येकीचे चार अर्थ घेतले तर कुठल्याही दरीत काही ना काही जुळतंच. पश्चिमेकडे ब्राउन नावाची खाडी, टेकडी, झोपडी नाही असा तालुका सापडायचा नाही.

आज पुन्हा करायचं झालं तर निघायच्या आधी वहीत लिहीन: ‘हे हे आढळलं तर हा तर्क मी सोडून देईन.’ आणि ती वही दिराच्या ताब्यात देईन, माझ्या नाही.

संथ_पाणी

मी गेली अकरा वर्षं मॅडिसनवर गळ टाकतोय, त्यामुळे ब्राउनबद्दल मला बोलू द्या.

मासेमाराला ब्राउन म्हटलं की ब्राउन ट्राउट. हा मासा मूळचा युरोपातला, १८८० च्या दशकात अमेरिकेत आणला. मॅडिसनमध्ये शरदात हेबगेन तलावातून मोठे ब्राउन वर चढून येतात, अंडी घालायला. त्यांच्यासाठी लोक लांबलांबून येतात. मोठे ब्राउन नदीत कुठेही सापडत नाहीत. खोल डोह, काठ पोखरलेला, वर सावली, तिथे ते घर करून राहतात. अशा डोहांना आमच्यात नावं असतात, आणि एखादा डोह आवडला की माणूस आयुष्यभर तिथेच परत जातो. मासेमार त्यांना आपसात नुसतं ‘ब्राउन’ म्हणतात, ट्राउट शब्द गाळून. लेखी इंग्रजीत मात्र माशाचं नाव लहान ‘बी’नेच येतं. फेनने तो मोठा केला असेल तर माझ्या मते तो माशाला माणसासारखा मान देत होता. म्हातारे मासेमार तसं करतात.

आणि कोमट पाण्याचं. भर उन्हाळ्यात फायरहोल इतकी तापते की ट्राउट नदी सोडून गार ओढ्यांच्या तोंडाशी जाऊन गर्दी करतात. आम्ही तेव्हा तिथे गळ टाकत नाही, तो मासा आधीच जीव मुठीत धरून असतो. मग आम्ही खाली येतो, मॅडिसनला. म्हणजे मासेमाराच्या डोक्यात ‘कोमट पाणी कुठे संपतं’ हा नकाशा कायम असतो. तुमच्या आईंनी नाव थांबतं म्हटलं, मी गळ थांबतो म्हणेन. जागा एकच येते.

पाऊलखूण

संथ_पाणी, तुमचा प्रतिसाद चार वर्षांपूर्वी मिळायला हवा होता. ‘माशाला माणसासारखा मान’ हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं. तिच्या माणूस-की-रंग प्रश्नाला तिसरंच उत्तर मिळालं म्हणून ती खूश आहे.

डोंगरवाट

पण यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान आहे ना? तिथे असं काही शोधायला परवानगी कशी?

संथ_पाणी

हिंडायला परवानगी लागत नाही. खणायला सक्त मनाई. धातुशोधक यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा. एका माणसाने २०१९-२० मध्ये फोर्ट यलोस्टोनच्या जुन्या दफनभूमीत सतरा ठिकाणी खणलं, याच खजिन्यासाठी. सहा महिने कैद आणि एकतीस हजार डॉलरहून जास्त भरपाई. पेटी दफनभूमीत नाही, असं फेनने आधीच सांगितलेलं होतं. लोकांच्या थडग्यांवर कुदळ मारण्याआधी त्याने ते एकदा वाचायला हवं होतं.

अर्धचंद्र

मी पहिल्यांदाच लिहितेय. फेनच्या आधीही एक असा शोध होता, त्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

१९८२ मध्ये अमेरिकेत एक पुस्तक आलं, त्यात बारा चित्रं आणि बारा कविता. लेखकाने उत्तर अमेरिकेत बारा ठिकाणी जमिनीत डब्या पुरल्या होत्या. प्रत्येक डबीत एक किल्ली, ती दिली की रत्न मिळणार. चित्र आणि कविता यांची जोडी वाचकानेच लावायची. आजवर तीनच सापडल्या: शिकागो १९८३, क्लीव्हलँड २००४, बॉस्टन २०१९. मधेच, २००५ मध्ये, लेखक अपघातात गेला. उरलेल्या नऊ डब्या कुठे आहेत ते सांगणारं कुणी राहिलं नाही.

आणि तोवर शहरं बदलली. कवितेत एखादी भिंत, झाड, खांब आहे, तो आज नसेल. पायवाट फरशीखाली गेली असेल. एखादी डबी पायाच्या खोदकामात निघून राडारोड्यात गेलीही असेल. मी त्यातल्या एका कवितेवर बरीच वर्षं काढली. ज्या बागेपाशी पोचले तिथे आता वाहनतळ आहे. तर्क बरोबर होता की चूक हे मला कधीच कळणार नाही. पाऊलखूण, तुम्हाला निदान ‘चूक’ असं उत्तर मिळालं. ते किती मोठं आहे हे मला विचारा.

पाऊलखूण

अर्धचंद्र, तुमचं शेवटचं वाक्य वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

फेनला शेकडो वर्षं टिकणारी कविता करायची होती, म्हणून त्याने डोंगर, नदी, दरी एवढंच घेतलं. तरी दहा वर्षांत ब्लेझची मोडतोड झाली होती असं शोधणाऱ्याने लिहिलंय. पंचवीस दिवस लागले ते त्यामुळेही असेल. आणि माझं बॉयलिंग रिव्हर! २०२२ च्या जूनमधल्या पुराने तिथली डुंबायची जागा पार पालटून टाकली. आज कुणी माझा तर्क घेऊन गेला तर त्याला पहिली खूणही तिथे दिसायची नाही.

अक्षरवेडी

फ्रान्समधलं सोन्याचं घुबड आठवलं. १९९३ मध्ये अकरा कोडी छापून शोध सुरू झाला, लेखक २००९ मध्ये गेला, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ते सापडलं. एकतीस वर्षं! म्हणजे अर्धचंद्र, नऊ डब्यांवर लगेच पाणी सोडू नका. तुमच्या कवितेची टिपणं फेकली नसतील तर इथे मांडाल का? आपण सगळे मिळून मराठीत आणून बघू, कुठे अडतंय ते. पाऊलखूण यांची रीत इथे वापरून बघता येईल.

अर्धचंद्र

फेकली नाहीत. वही कपाटात आहे. शोधून लिहिते.

शंकेखोर

मलाही यात घ्या. अडतंय कुठे हे सांगायचं काम मी करतो. पण एक अट, प्रत्येक शब्दाचे सगळे अर्थ आधी लिहायचे, जागेचं नाव नंतर. जागा आधी डोक्यात आली की शब्द तिच्या मागे धावतात.

एक आठवलं, फेन असंही म्हणाला होता ना की काही जण पेटीपासून दोनशे फुटांवर पोचले होते?

पाऊलखूण

हो. दोनशे फूट. आणि काहींनी पहिल्या दोन खुणा बरोबर ओळखल्या आणि पुढच्या सातांजवळून ते तसेच निघून गेले, असंही. हे ऐकल्यावर आम्हा सगळ्यांना वाटायचं की ते आपणच. मी यँकी जिमला उभी राहून दोनशे फुटांचं वर्तुळ मोजलं होतं. प्रत्यक्षात फार फार लांब होते. तो असंही म्हणायचा की पहिली खूण पक्की नसेल तर घरीच पत्ते खेळत बसा. तेव्हा ते मला लागलं होतं. आता वाटतं, तेच त्याचं सगळ्यात सरळ सांगणं होतं.

शंकेखोर, तुमची अट मंजूर. अर्धचंद्र, वहीची वाट बघतेय.

संथ_पाणी

सप्टेंबरच्या शेवटी मी मॅडिसनवर असेन. कुणाला डोह बघायचे असतील तर सांगा. पाणी तेव्हा कमी असतं, काठ सपाट आहे, वयस्कर माणसंही येऊ शकतात.

पाऊलखूण

आई सप्टेंबरात येतेय. तिला जंक्शनला न्यायचं ठरलंय, दीर गाडी चालवणार आहे आणि नवरा पहिल्यांदाच बरोबर येतोय. तुमचा डोह नक्की बघू.

ती आत्ताच विचारतेय की दोन्ही नद्या मिळतात तिथे एका बाजूचं पाणी कोमट आणि दुसऱ्या बाजूचं गार असं हाताला लागतं का. तुम्हाला माहीत असेल, पण सांगू नका. ती म्हणते, तिथे गेल्यावर मीच हात घालून बघीन.